लोखंडी जावई

जावयाचे लाड करायला सासुरवाडीला निमित्त लागत नाही. मात्र दुसरा जावई आला की पहिल्याने आपलं पाणी आपण घ्यायचं असतं. माझ्या बायकोला बहीण नाही, म्हणून मी या बाबतीत निर्धास्त होतो. दसऱ्याच्या तोंडावर आम्ही डेन्व्हरला मेहुण्याकडे पोहोचलो, तर दारात कुणीच नाही. सासू, सासरे, मेहुणा, सगळे गॅरेजात एका गंजक्या धुडाभोवती कडं करून उभे.

"दाजी, आलात? हे बघा, डाना साठ!"

प्रवास कसा झाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

मेहुण्याकडे शेव्हरोलेचा १९७९चा के-टेन हा फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. तो मूळचा बसक्या स्वभावाचा. मेहुण्याने पाटे बदलून त्याला सहा इंच वर उचललंय. सासूबाई त्यात स्टुलावरून चढतात आणि उतरताना कुलदैवताचं नाव घेतात. उंची वाढली म्हणून अडतीस इंची टायर आले. हे सगळं कशासाठी, तर युटातल्या मोआबच्या लाल खडकांवर गाडी चढवायला. तिथे १९६७पासून दर ईस्टरला जीपवाल्यांची जत्रा भरते. डेन्व्हरहून साडेपाचशे किलोमीटर जायचं आणि जिथे शेळीही विचार करून पाय टाकील तिथे ट्रक घालायचा. आपल्याकडे घाटात ट्रक अडकला तर लोक हळहळतात, तिथे टाळ्या वाजवतात.

आता टायर जितकं मोठं, तितका त्याचा पीळ अ‍ॅक्सलच्या आतल्या शाफ्टवर जास्त. खडकात चाक अडकलं, वर चालकाने पाय दाबला, की शाफ्टचा क्रॉस तुटतो. मेहुण्याचा तुटला. बिचाऱ्या जुन्या अ‍ॅक्सलचा यात काही दोष नव्हता. त्याच्या पोटातलं क्राऊन-व्हील साडेआठ इंचांचं. कारखान्याने त्याला लहान टायरांसाठी नेमलं होतं आणि इथे त्याच्याकडून हमाली करून घेतली जात होती. डाना साठ नावाच्या या दांडग्या अ‍ॅक्सलचं क्राऊन पावणेदहा इंचांचं, शाफ्ट दीड इंच जाड. शेव्हरोलेच्याच एक टनी थर्टी मालिकेच्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकांना तो १९७७पासून पुढे येई. असल्या एका भंगारातल्या ट्रकाखालून मेहुण्याने तो काढून आणला होता. किती डॉलरला, हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यावरून मला आकड्याचा अंदाज आला.

सासरे म्हणजे मामा, एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. मुलाकडे सहा महिने राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात टीव्हीला कंटाळले. डाना साठ आला त्या दिवशी त्यांनी कपाटातून जुना शर्ट काढला. हौसिंगवरची गंज घासताना त्यांना ओळखीचं नाव सापडलं. "स्पायसर! आपल्या चाकणला यांचा कारखाना आहे की!" मेहुण्याने मग इतिहास सांगितला. १९०४मध्ये क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या इंजिनिअरने न्यू जर्सीत युनिव्हर्सल जॉइंटचा धंदा मांडला. पुढे पैसे अडले तेव्हा १९१४मध्ये चार्ल्स डाना हा वकील त्यात शिरला आणि १९४६मध्ये अख्ख्या कंपनीला डाना हे नाव लागलं. ज्याने डोकं चालवलं त्याचं नाव जॉइंटवर राहिलं, ज्याने पैसे घातले त्याचं पाटीवर. मामा म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच."

जुना अ‍ॅक्सल काढून नवा बसवायचा, एवढंच काम असेल असा माझा समज होता. पण जावई घरात घ्यायचा म्हणजे मानपान आलाच. पहिली मागणी चाकांची. जुन्या चाकांना सहा बोल्ट, याला आठ. म्हणजे पुढची चाकं नवी. पुढे आठ आणि मागे सहा बोल्ट असतील तर स्टेपनी कोणती ठेवायची? दोन? त्यापेक्षा मागचाही अ‍ॅक्सल आठ बोल्टचाच आणू. शिवाय डानाच्या आतलं गिअरचं गुणोत्तर ४.५६, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट साडेचार फेरे फिरला की चाक एकदा फिरणार. मागच्याचं गुणोत्तर वेगळं निघालं तर दोन्ही अ‍ॅक्सल आपापल्या गतीने जाऊ बघतात आणि ओढाताणीत मधली ट्रान्सफर केस मरते. तेव्हा मागचा हवाच, तोही ४.५६वाला. मेहुण्याने मग साडेदहा इंची क्राऊनचा चौदा-बोल्टवाला (चौदा झाकणाचे, चाकाचे आठच) अ‍ॅक्सल आणला. गॅरेजात आता दोन पाहुणे झाले आणि बायकोची वहिनी आपली मोटार बर्फात उभी करू लागली.

नवा अ‍ॅक्सल जड, तेव्हा पाटे बसणार, म्हणजे पाटे नवे. पाट्यांना धरणारे यू-बोल्ट जाड. गाडी उंच म्हणून ब्रेकचे पाइप लांब. ब्रेक मोठे म्हणून मास्टर सिलिंडर मोठा. प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट इकडे एका मापाचा, तिकडे दुसऱ्या. प्रत्येक मागणी रास्त होती, हे कबूल करतो. मानपानाची प्रत्येक मागणी मांडताना रास्तच वाटते.

मला सगळ्यात आवडली ती स्टिअरिंगची मागणी. या जुन्या शेव्हरोलेत स्टिअरिंगचा दांडा पुढे-मागे हलून डावं चाक वळवतो. गाडी उचलली की तो दांडा तिरपा होतो आणि चाक खड्ड्यात गेलं की गाडी आपोआप वळते. तेव्हा दांडा आडवा टाकून उजवं चाक धरायचं. त्याला डावी-उजवीकडे हलणारा स्टिअरिंग बॉक्स लागतो आणि तसला बॉक्स येतो टू-व्हील ड्राइव्ह गाडीला. इतका खर्च करून, चारही चाकं इतकी बलदंड करून, शेवटी वळायला टू-व्हील ड्राइव्हच्या पाया पडायचं! मी हे बोलून दाखवलं तेव्हा मेहुणा हसला नाही. मामा हसले, पण ते ट्रकाखाली होते.

आणि मग किंगपिन. चाक ज्या खुंटीवर वळतं ती ही खुंटी. डानाच्या वरच्या किंगपिनच्या डोक्यात सातअष्टमांश इंची षट्कोनी खळगा असतो, त्यात अ‍ॅलन घालून फिरवायचं. कारखान्याने तो पाचशे-सहाशे फूट-पौंडांनी आवळलेला असतो. साध्या मोटारीच्या चाकाचा नट शंभराच्या आसपास आवळतात. वर गंजाने त्याला कायमचं वतन देऊन टाकलेलं. मेहुण्याने पाना लावला. हलला नाही. पान्याला पाइप लावला. पाइप वाकला. मामांनी गॅसची शेगडी मागितली. सासूबाईंनी ती द्यायला नकार दिला, कारण तिच्यावर पुरणाची डाळ होती. शेवटी बाजारातून टॉर्च आणली, त्याच्या भोवतीचं लोखंड लाल होईस्तोवर तापवलं, लांब पाइप घातला आणि त्याच्या टोकाला वजन म्हणून मला लटकवलं. या घरात जावयाच्या वजनाचा असा थेट उपयोग प्रथमच झाला. मामा खालून सूचना देत होते, "दाजी, उड्या मारा, उड्या!" कडाड् आवाज झाला. पाइप तुटला, की पाना, की मी, हे पाहायला सगळे धावले. किंगपिन सुटला होता. तिथे सगळ्यांनी किंगपिनचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंनी पाना, जॅक, घोड्या आणि डाना साठ यांची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडू आणि पुरणपोळीचा नैवेद्य. पहिली पोळी त्याच्यासमोर गेली. "तो आज घरात बसायचाय," त्या म्हणाल्या. मी बसलोच होतो, पण ते वेगळं.

चार दिवसांत सगळं बसेल, हा मेहुण्याचा अंदाज होता. ट्रक जमिनीवर उतरला तो दिवाळीच्या आसपास. ४.५६च्या गिअरमुळे हमरस्त्यावर इंजिन ओरडतं, पेट्रोल तर विचारू नका, आणि पुढचं टोक इतकं जड की साधा गतिरोधकही दाढेत कळतो. असा ट्रक साडेपाचशे किलोमीटर चालवत मोआबला कोण नेणार? तो ट्रेलरवर घालून न्यायचा. ट्रेलर ओढायला दुसरा ट्रक हवा. मेहुण्याने शोध घेऊन फोर्डचा सुपर ड्युटी एफ-३५० पाहिला; २००५नंतरचा, फोर-व्हील ड्राइव्ह. त्याच्या पुढे कंपनीनेच डाना साठ बसवलेला असतो.

"मग हाच आधी घेतला असता तर?" सासूबाई म्हणाल्या.

मेहुणा विक्रेत्याच्या अंगणात गाडीखाली वाकला. मामाही वाकले. दोघांनी बराच वेळ आत पाहिलं.

"किंगपिन नाहीत," मेहुणा उठत म्हणाला. "बॉल जॉइंट आहेत."

"छ्या!" मामा म्हणाले, आणि दोघांनी हात झटकले.