शोभेच्या विलोची छाटणी : काळजावर दगड ठेवून करावयाची कृती

इंग्लंडात घर घेऊन मागं वीतभर बाग मिळाली की मराठी माणसाला झाड लावायची ऊर्मी येते. आंब्याचा प्रश्नच नाही, कढीपत्ता खिडकीतच मान टाकतो आणि तुळस नोव्हेंबरात राम म्हणते. अशा हळव्या क्षणी गार्डन सेंटरवाला जे झाड गळ्यात मारतो, ते शोभेचा विलो. पुढील सूचना जनहितार्थ.

निवड

विलो म्हटल्यावर ज्यांना तळ्याकाठी झुकलेला भलामोठा वृक्ष आठवतो, त्यांनी आधी घराच्या विम्याचे कागद काढावेत. तो वृक्ष वीस मीटरपर्यंत वाढतो आणि चिकणमातीतलं पाणी इतकं ओढतो की जमीन आकसून भिंतींना तडे जाऊ शकतात. विमेवाल्यांच्या तक्त्यात विलोचं घरापासूनचं सुरक्षित अंतर ४० मीटर असतं. आपली बाग जेमतेम नऊ मीटर. म्हणजे झाड शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे लावावं लागेल. त्याची परवानगी मिळवणं या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

आपण ‘हाकुरो निशिकी’ घ्यावा. मूळचा जपानकडचा, बेताच्या उंचीचा. सरळ खोडावर कलम बांधलेलं आणि वर फांद्यांचा झुबका. वसंतात कोवळी पानं गुलाबी-पांढरी येतात, पुढं हिरवी होत जातात.

लागवड

माती ओलसर हवी, कोरडी चालत नाही. भर दुपारच्या कडक उन्हात पानांच्या कडा करपतात. ‘ऊन फार आहे हो’ असं इंग्लंडात म्हणायची संधी क्वचित मिळते, ती दवडू नये.

मुहूर्त

फेब्रुवारीअखेर किंवा मार्च, पालवी फुटायच्या आधी. पंचांग पाहायची गरज नाही. नाशिकहून सहा महिन्यांच्या व्हिसावर सासरे आले, की ‘एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड छाटणी’ हे द्राक्षाचं वेळापत्रक ऐकवतील. ‘हो बाबा’ म्हणावं. ते थंडी सरल्यावर, मे महिन्यात येतात. तोवर आपलं उरकलेलं असावं.

कृती

या झाडाचा सगळा रंग नव्या फुटीवर असतो. जुन्या फांद्या जपणाऱ्याला हिरवं झुडूप मिळतं. म्हणून मागच्या वर्षीची फांदी बुंध्याशी दोन-तीन डोळे ठेवून, डोळ्याच्या जरा वर, धारदार कात्रीनं तिरकी कापावी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ‘अहो, किती कापताय! जगेल ना ते?’ असा आवाज येईल. मागं वळून पाहू नये.

मग कलमाच्या खाली खोडाकडे पाहावं. तिथं खुंटाची फूट आलेली असते : जोमदार, तुकतुकीत, हिरवीगार. ती पहिल्यांदा खुडावी. ठेवली तर खुंट माजतो आणि वरचं कलम मागं पडतं. वरच्या झुबक्यातही एखादी फांदी नुसत्या हिरव्या पानांची निघाली, तर मुळापासून काढावी. जो सगळ्यांत जोरात वाढतो त्यालाच आधी उडवायचं, हा नियम ऑफिसातली कर्मचारी-कपात पाहिलेल्यांना समजावून सांगावा लागत नाही.

कापलेल्या काड्यांची विल्हेवाट

इथवर सोपं होतं. आता हातात काड्यांचा भारा आहे. बागेच्या कचऱ्याचा डबा न्यायला कौन्सिल वर्षाची वेगळी वर्गणी घेतं आणि ‘पालापाचोळा टाकायला पैसे?’ असं म्हणून आपण ती भरलेली नसते. शिवाय हिरवी, सरळ काडी टाकवत नाही. ‘दोन ठेवू पाण्यात’ असं ठरतं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काडी उभी केली, की थोड्याच दिवसांत पाण्यात पांढरी मुळं लोंबू लागतात. मुळं फुटलेलं तर त्याहून टाकवत नाही.

उरलेल्या काड्या घेवड्याला आधार म्हणून रोवायची कल्पना घरोघरी सुचते. घेवडा वर यायच्या आधी आधारालाच पानं येतात. ताज्या विलोला ओली माती लागली की तो आधार राहत नाही, झाड होतो. रोवायच्याच असतील तर काड्या आधी खडखडीत वाळवाव्यात.

जगलेली रोपं चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर वाटावीत. मात्र काडीपासून जमिनीलगत झुडूप होतं, खोडावरचा झुबका नव्हे, हे देतानाच सांगावं. नाहीतर पुढच्या वर्षी ‘स्वतःला बरं चांगलं ठेवलंत’ हे ऐकावं लागतं.

शंका-समाधान

*याची बॅट होईल का?* नाही. बॅटचा विलो वेगळ्या जातीचा. तो एसेक्स-सफककडे लावतात आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनी तोडतात. आपल्या काडीची विटीसुद्धा होणार नाही.

*सालीचा काढा डोकेदुखीवर चालतो म्हणे?* विलोच्या सालीत सॅलिसिन असतं हे खरं. त्याच वाटेवरच्या संशोधनातून १८९७ मध्ये बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं. आता गोळी दुकानात मिळते. झाडाला सोडावं.

*इतकं कापल्यावर मेलं तर?* मरत नाही. उलट छाटल्यावर दुप्पट जोमानं फुटतं, म्हणजे पुढच्या मार्चला भाराही दुप्पट आणि बरणीतल्यांचा वेगळा. कौन्सिलची वर्गणी भरून टाकावी.