चिमणीचा चालू वर्तमानकाळ

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायचं. म्हणजे ज्या बाया-गुरुजींनी ते पहिलीला शिकवायचं होतं, त्यांची स्वतःची एबीसीडीशी ओळख दहाव्या वर्षानंतरची. मी त्यांतलीच. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर वर्तमानपत्रांतून रणं माजली. मराठीचं काय होणार, ही विद्वानांना काळजी. सोमवारी वर्गात काय बोलायचं, ही आम्हाला.

प्रशिक्षणात सांगितलं, "भाषा शिकवू नका, वातावरण तयार करा. ऋतू घ्या, सण घ्या, गाणी घ्या, गोष्टी घ्या." आणि वातावरण म्हणून एक तक्ता हातात दिला. चार ऋतू, चार चित्रं. एका चित्रात झाडाची पानं लालभडक होऊन गळतायत, दुसऱ्यात बर्फाचा माणूस, त्याला गाजराचं नाक. आमची शाळा माणदेशात. इथे ऋतू दोनच, टँकर येण्याआधीचा आणि टँकर आल्यानंतरचा. तक्ता टांगल्यावर पहिला प्रश्न आला, "बाई, त्येच्या नाकात गाजर कुणी घातलं?" दुसरा आला, "काढत का न्हाईत?" विंटर हा शब्द त्या दिवशी मागेच पडला.

मग गाणी. पावसाला हाकलून लावणारं एक इंग्रजी बालगीत जगभर प्रसिद्ध आहे. मुलांनी चाल झकास उचलली. खिडकीबाहेर शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजींनी अर्थ विचारला, मी सांगितला. आजी म्हणाल्या, "बाई, पोरांचं तोंड आन् देवाचे कान. औंदा आधीच पेरण्या खोळंबल्यात. हे तेवढं नगा शिकवू." गाणं त्याच दिवशी बंद झालं. त्या आठवड्यात पाऊसही आला, त्यामुळे ते पुन्हा सुरू करायची माझी छाती नाही.

परकं ते सगळं फुकट, असं मात्र नव्हे. एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक १९६९ चं, अमेरिकेतलं. पण ते आमच्या पोरांनी घरचंच मानलं. हा सुरवंट आठवडाभर फळं खातो आणि शनिवारी चॉकलेट केक, आइस्क्रीम, लोणचं, चीज असे दहा पदार्थ चापतो. मग त्याचं पोट दुखतं. "दुखंल न्हाई तर काय! आइस्क्रीमवर लोणचं!" पहिलीतून निदान आलं. त्या एका पोटदुखीवर वार आणि फळं वर्गाला पाठ झाली. सुरवंट भाकरी का खात नाही, एवढी शंका अजून शिल्लक आहे.

तरी माझी गाडी खरी रुळावर आणली ती बैलांनी. आमच्याकडे पोळा नसतो, आषाढात बेंदूर असतो. त्याच सुमाराच्या एका प्रशिक्षणात साधनव्यक्तींनी जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची पद्धत समजावून सांगितली. मुलांना बोलायची घाई लावू नका. आधी आज्ञा द्या, ती त्यांना अंगाने पाळू द्या. समज आधी, बोलणं नंतर. सगळे आदराने लिहून घेत असताना मागच्या बाकावरचे एक गुरुजी म्हणाले, "म्हणजे बैलागत." साधनव्यक्तींना राग आला, पण गुरुजींच्या बोलण्यात अनुभव होता. बैल जन्मात एक शब्द बोलत नाही आणि त्याला सगळं कळतं.

बेंदराच्या आदल्या दिवशी मी अर्धा वर्ग बैल केला, अर्धा शेतकरी. "टर्न लेफ्ट! स्टॉप! गो स्लोली!" पुरणपोळी बैलांना मिळणार हे जाहीर झाल्यावर शेतकरी व्हायला कोणी तयार होईना, तो भाग निराळा. पुढच्या आठवड्यात एक पालक फाटकाशी उभे. "बाई, आमचं पोरगं बैलाला लेफ्ट लेफ्ट म्हणतंय. बैल जाग्यावरनं हलंना."

"हळूहळू समजेल."

"कुणाला? पोराला का बैलाला?"

त्यानंतर मला नादच लागला. आपला प्रत्येक सण आणि प्रत्येक गोष्ट बारकाईने पाहिली तर तिच्या पोटात व्याकरणाचा एखादा धडा दडलेला सापडतो. आता चिमणी घ्या. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतो आणि ती आतून आपण काय करतोय ते सांगत राहते. हा निव्वळ चालू वर्तमानकाळ आहे. इंग्रजांना तो शिकवायला खिडकीत उभं राहून बाहेर पाहणारा कुणी जॉन लागतो. आपल्याकडे चिमणीने तो अख्ख्या महाराष्ट्राला दूधदातांच्या वयात पाजलेला आहे. वर्गात कावळा दार वाजवी आणि चिमणी ओरडे, "वेट! आय अ‍ॅम वॉशिंग माय बेबी!" दोन फेऱ्यांत मूळ गोष्टीतली कामं संपली. मग चिमण्या स्वतःच्या डोक्याने चालू लागल्या. "वेट! आय अ‍ॅम चार्जिंग माय मोबाईल!" "वेट! आय अ‍ॅम फिलिंग वॉटर! टँकर इज कमिंग!" कावळा मधली सुट्टी होईपर्यंत बाहेर. शेवटी दुसरीतल्या एका मुलीला रडू फुटलं, "बाई, उघडा की आता त्येला दार."

भोपळ्यातली म्हातारी भविष्यकाळाची. लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, असं वाघाला सांगून ती सुटते. साध्या भविष्यकाळावर स्वतःचा जीव वाचवलेली माझ्या माहितीतली ही एकमेव व्यक्ती. आणि सुनेला माहेरी पाठवायच्या आधी कारल्याचं बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंत एकेक अट घालणारी हादग्यातली सासू? तिच्याइतकी काटेकोर जोडवाक्यं बालभारतीलाही जमलेली नाहीत.

हादग्याचंच सांगते, कारण सगळ्यात जास्त इंग्रजी मी तिथे ऐकलं. पुण्याकडे भोंडला, विदर्भात भुलाबाई, आमच्याकडे हादगा. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. सोळा दिवसांचा खेळ. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी. शाळेला एवढं झेपत नाही. आम्ही एक दिवस, एक डबा करतो. गाणी मराठीतच ठेवली. त्यांचं इंग्रजी करायचा मोह मला झाला होता, पण चौथीच्या मुलींनी एका नजरेत तो उतरवला. इंग्रजी फक्त खिरापत ओळखण्यापुरतं. झाकलेल्या डब्यात काय आहे ते थेट विचारायचं नाही, हो-नाहीत उत्तर येईल असेच प्रश्न टाकायचे. प्रश्नार्थक वाक्याचा एवढा सराव मी कुठल्याही स्वाध्यायपुस्तिकेत पाहिला नाही. "इज इट स्वीट?" "येस, इट इज." "इज इट राउंड?" "नो, इट इझन्ट." "इज इट कुर्रकुर्र?" हेही चालतं. मुलगे आधी पोरींचा खेळ म्हणून लांब उभे होते. डबा आला तसे तेही फेरात शिरले आणि सगळ्यात अचूक प्रश्न त्यांनीच विचारले.

एका वर्षी ऐन हादग्यात साहेब भेटीला आले. खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेबांनी विचारलं, "डब्यात काय आहे?"

"ओळखा, साहेब. इन इंग्लिश."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हत्तीकडे पाहिलं.

"इज इट... लाडू?"

"नाऽऽही! आधी क्वेश्चन! डायरेक्ट नाव घ्यायचं नाही!"

"बरं. व्हॉट इज द टेस्ट?"

"असा नाही चालत. येस-नोचा विचारा."

साहेब पुढे सरकून बसले. "इज इट... इज इट..." आणि तिखट या शब्दापाशी अडले. तिसरीतली एक मुलगी त्यांच्या कानाशी जाऊन दयाळूपणे म्हणाली, "स्पायसी म्हणा, साहेब." साहेब म्हणाले. मुलं "नो!" म्हणून किंचाळली. पाचव्या प्रश्नाला साहेबांनी खुर्ची सोडली, आठव्याला ते फेरात उभे होते. खोबऱ्याची वडी शेवटी त्यांनीच ओळखली आणि डब्यात बोटं घालून सगळ्यांच्या आधी खाल्ली. शेरेबुकात लिहिलं: "उपक्रम स्तुत्य. फोटो पाठवावेत."

तिथेच घात झाला. पुढच्या वर्षी फर्मान आलं: सर्व शाळांनी एकाच दिवशी, अकरा ते साडेअकरा, इंग्रजी हादगा घ्यावा; तीन फोटो, एक बॅनर; कोणती अध्ययन निष्पत्ती साध्य झाली तेही कळवावं. बॅनर छापून आला. वर शाळेचं नाव, मधे हत्ती आणि तळाशी सुवाच्य अक्षरांत, "खिरापत: चिवडा." मुलांचं वाचन चांगलं असल्याने कोणी एकही प्रश्न विचारला नाही. चिवडा शांतपणे खाल्ला गेला. फोटो उत्तम आले, गटावर त्यांना अंगठेही खूप मिळाले. डिसेंबरात सांताक्लॉजचं असंच होतं. प्रथमोपचार पेटीतला कापूस दाढीला जातो, मुलं हॅपी ख्रिसमस म्हणतात, कॅमेरा मिटतो आणि सांता हजेरी भरायला बसतो.

सण असल्यामुळे मुलं इंग्रजी बोलतात, असं जे प्रशिक्षणात सांगतात ते मला पटत नाही. डब्यात काय आहे ते दिसत नाही आणि हवं तर असतं, म्हणून बोलतात. झाकण काढलं की इंग्रजी संपलं.

तेव्हा गुरुजनहो, यंदा हादगा करणार असाल तर बॅनर छापू नका आणि डबा घट्ट झाकणाचा आणा. खिरापत वास न येणारी हवी. राजगिऱ्याची वडी चालेल, चुरमुऱ्याचा लाडू चालेल. वाटली डाळ अजिबात नको. फोडणीच्या वासावरून पहिलीतलं पोरसुद्धा फाटकातूनच ओळखतं, आणि मराठीत ओळखतं.