बरं का, बुएनो!

मी स्पॅनिश शिकतो हे लोकांना न विचारता कळावं, अशी व्यवस्था मी केलेली आहे. लग्नाच्या पंगतीत फुटबॉलचा विषय निघाला की मी 'बार्थेलोना' म्हणतो. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळे तिथे साधा 'स'च उच्चारतात. पण 'स'ने शेजारच्याचा घास हातात थांबत नाही.

'बुएनो' म्हणजे चांगला. चांगला-चांगली-चांगलं करत वाढलेल्या माणसाला बुएनो-बुएना काय शिकवायचं? पण हे विशेषण भलतंच बेरकी निघालं. पुल्लिंगी एकवचनी नामाच्या पुढे उभं राहिलं की शेपूट टाकून नुसतं 'बुएन' होतं. 'सेर' या क्रियापदाबरोबर आलं तर माणूस स्वभावाने चांगला. 'एस्तार'बरोबर आलं तर तोच माणूस देखणा, तेही जरा चावट अर्थाने. 'एस्तार'च आमटीला लावलं की आमटी फक्कड. आणि 'बुएना ला आस एचो' म्हणजे 'चांगलाच दिवा लावलास!' पुदिना म्हणजे 'येर्बाबुएना', चांगला पाला. याच नावाची वस्ती १८४७ साली सॅन फ्रान्सिस्को झाली, हे मी मंडईत भाजीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "दहाला जुडी."

मग कळलं की आजारातून उठणं म्हणजेही 'पोनेर्से बुएनो'. म्हणजे हा निव्वळ चांगला नव्हे, आपला 'बरा'सुद्धा हाच! त्यानंतर मला जिकडेतिकडे 'बरं'च ऐकू यायला लागलं. मेक्सिकोत फोन उचलला की "बुएनो?" स्पेनमध्ये फोन ठेवायच्या आधी "बुएनो, पुएस नादा...", म्हणजे आपलं "बरं, मग ठेवू?" आणि पुढे आपल्यासारखंच कुणीही ठेवत नाही. सिनेमा कसा होता विचारल्यावर लांबवलेला "बुएनोऽऽ" आला, तर तिकिटाचे पैसे वाचवावेत.

आमच्या आबांकडे कौतुकाचा एवढाच शब्द होता. बोर्डाच्या परीक्षेतले मार्क: बरे. नोकरी: बरी. सून: बरी (हे तिला अजून सांगितलेलं नाही). माझं पुस्तक त्यांनी चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, मुद्रितशोधनाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाले, "बरं आहे." मला याचा मनापासून राग यायचा. आता नातवाने बुटाची नाडी बांधली तरी घरभर 'ऑसम' होतं. मला जन्मात एक 'चांगलं' मिळू नये? शेवटच्या आजारात डॉक्टर रोज विचारायचे, कसं वाटतंय? आबा म्हणायचे, "बरं." तेव्हा मात्र मला त्या शब्दाच्या वरचं काहीही नको होतं.

हे सगळं मी स्पॅनिशमध्ये लिहून काढलं. सेर-एस्तार जागच्या जागी, शेपटं छाटलेली, वर एक जुनाट भूतकाळ मुद्दाम पेरलेला. शिक्षिकेने निबंध सावकाश वाचला, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "बुएनोऽऽ..."

मी विचारलं, "सेरवाला की एस्तारवाला?"

ती पुढच्या विद्यार्थ्याकडे वळली.