बेबाकीचे उपासक

मृगाची चाहूल लागून वाशिम जिल्ह्यातील कास्तकार सोयाबीनच्या बियाण्याचे भाव विचारू लागला, की सेवा सहकारी सोसायटीच्या एकखणी कचेरीत गटसचिवांचे दुर्लभ दर्शन घडू लागते. त्यांच्या गळ्यात चार गावांच्या सोसायट्या असल्यामुळे एका गावी ते नेहमीच 'काल येऊन गेलेले' आणि दुसऱ्या गावी 'उद्या येणारे' असतात. कोणाच्या वावरात किती पायल्या तूर झाली आणि कोणाच्या बैलजोडीचे पैसे अद्याप फिटले नाहीत, हे सारे त्यांस मुखोद्गत असते, तथापि तोच सभासद पीककर्जाचा अर्ज घेऊन समोर ठाकला, की चष्मा कपाळावर सारून ते निर्विकार मुद्रेने विचारतात, "आपण कोण, याचा पुरावा?"

"अहो सायेब, माह्या बारशाले जेवून गेलते ना तुमी!"

"जेवलो असेन, पण त्याचा दाखला माझ्या दप्तरी नाही."

मग सातबारा, आठ-अ, चतुःसीमा, पेरेपत्रक, पंचक्रोशीतील यच्चयावत बँकांचे काही देणे नसल्याची बेबाकी आणि दोन जामीनदार, ज्यांच्यापैकी एक नेमका त्याच दिवशी कारंज्याच्या बाजारात गेलेला असतो, असा लवाजमा सुरू होतो. सहकार कायद्याच्या कलम ४८ अन्वये जमिनीवर बोजा चढविण्याचा इकरार तर ते अशा गंभीर स्वराने वाचून दाखवितात, की ऐकणाऱ्यास आपले वावर तत्क्षणी सरकारजमा झाल्याचा भास व्हावा. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही असे छापलेले असते. आमच्या सचिवांनी त्या छापील वाक्यावरच तलाठ्याचा शिक्का मागितल्याची वदंता मालेगाव तालुक्यात प्रचलित आहे, आणि त्यांना ओळखणाऱ्या कोणीही ती अद्याप खोडून काढलेली नाही.

वास्तविक १९०४ साली या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो जर्मनीतील रायफायझनच्या कल्पनेवरून. शेजाऱ्यास शेजाऱ्याची पत सावकारापेक्षा अधिक कळते, हे त्या कल्पनेचे मर्म. ग्रामीण संस्थेतील सभासदांचे दायित्वही त्या कायद्याने सामान्यतः अमर्याद ठेविले होते. त्या अमर्याद विश्वासाचे आमच्या हाती उरलेले रूप म्हणजे कर्जाचे कमाल मर्यादा पत्रक! १९९८ च्या १ जुलैस वाशिम जिल्हा अकोल्यापासून विभक्त झाला, सोसायट्यांना कर्ज पुरविणारी मध्यवर्ती बँक मात्र अकोल्याचीच राहिली. त्यामुळे प्रत्येक त्रुटीस 'अकोल्याहून विचारणा येईल' हे ब्रह्मवाक्य सचिवांस आयतेच लाभले आहे.

त्यांस कोणी लाचखाऊ समजू नये. ते चहाही स्वतःच्या पैशाने पितात. वसुली थकली, की कलम १०१ चा दाखला मिळवून दारोदार हिंडणे त्यांच्याच नशिबी येते आणि लेखापरीक्षकापुढे बारशाचे जेवण साक्षीस उभे राहत नाही, हे त्यांनी पुरते ओळखले आहे.

गेल्या खरिपात त्यांनी स्वतःच, आपल्या गावच्या सोसायटीचे सभासद या नात्याने, पीककर्जाचा अर्ज केला. अर्ज त्यांनीच स्वीकारला, त्यांनीच तपासला, एका जामीनदाराची सही अस्पष्ट आढळल्याने त्यांनीच तो त्रुटीसह परत केला. आणि पोच म्हणून खाली सही करताना, ही सही नमुना-सहीशी जुळते किंवा नाही, हे पाहण्यासाठी दप्तर उघडले.