तीन आसनी यजमानपद

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या राज्यात भरवायची आहे. अजून मिळालेली नाही. खरं तर रीतसर मागितलेलीही नाही. पण आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्वतयारीची पहिली बैठक पार पडली आणि तिचं इतिवृत्त माझ्यापर्यंत पोचलं. झेरॉक्सच्या काचेवर मूळ प्रत विसरणारी माणसं आहेत, तोवर आमच्या धंद्याला मरण नाही.

विषय क्रमांक एक, स्पर्धा किती शहरांत घ्यायची. विषय क्रमांक दोन, कुठला खेळ कुठे. विषय क्रमांक तीन, सोफे. पहिल्या दोन विषयांवर ‘सविस्तर चर्चा होऊन पुढील बैठकीत निर्णय घेण्याचे ठरले’. तिसऱ्या विषयावर अडीच पानं आहेत.

वाचकहो, सोफा तुम्हाला ठाऊक आहे. तीन आसनी, पांढऱ्या कव्हरचा, मागे सॅटिनच्या पट्टीची गाठ, पाठीवर घडी घातलेला टर्किश टॉवेल. समोर टीपॉय, त्यावर काजू-बदामाची बशी आणि पाण्याच्या इवल्याशा बाटल्या. लग्नात त्यावर नवरा-नवरी बसतात, कारण त्या दोघांना दुसरं काही काम नसतं. क्रीडा स्पर्धेत कोण बसतं ते सांगायला नको.

1994 साली ही स्पर्धा आपल्याकडे झाली तेव्हा पुणे-मुंबईत भागलं होतं. बालेवाडीचं संकुल त्याच निमित्तानं उभं राहिलं. आता दोन शहरांत भागत नाही. सिंचनाचा अनुशेष असतो, रस्त्यांचा असतो, तसा क्रीडा स्पर्धेचाही असतो, आणि तो प्रत्येक विभागाला एकेक खेळ देऊन भरून काढायचा असतो. यात गैर काही नाही. 2022 साली गुजरातनं सहा शहरांत स्पर्धा घेतली. 2025 साली उत्तराखंडात बॉक्सर पिथोरागढला गेले, आणि डेहराडूनपासून पिथोरागढ म्हणजे घाटातून दिवसभराचा रस्ता. खेळ लहान गावांपर्यंत जावा, तिथल्या पोरांनी तो डोळ्यांनी बघावा, हे मला मनापासून मान्य आहे. आमच्या बैठकीला मात्र शहरं वाढली की काय वाढतं हे आधी कळलं. सोफे वाढतात.

उद्घाटन एकच असतं, हा आपला गैरसमज. मुख्य उद्घाटन एक. मग प्रत्येक शहराचं एक, कारण त्या शहरालाही सन्माननीय आहेत. मग प्रत्येक खेळाचं एक, ज्यात पाहुणे कोट सांभाळत पहिला चेंडू टोलवतात, पहिली चढाई करतात किंवा नेमबाजीत पहिली गोळी झाडतात आणि सगळे दोन पावलं मागे सरकतात. गोव्यात 2023 साली 43 क्रीडाप्रकार झाले. आपण काही गोव्यापेक्षा मागे राहणार नाही. त्रेचाळीस खेळांची त्रेचाळीस उद्घाटनं, तितकेच समारोप, मधली पदकवाटपं वेगळी. इतिवृत्तात याचा तक्ता जोडला आहे. ‘आसनक्षमता’ या मथळ्याखाली प्रेक्षकांची असेल असं वाटून मी तो उत्सुकतेनं वाचला. ती सोफ्यांची होती.

पहिल्या रांगेत टॉवेलसह सोफा. दुसऱ्या रांगेत टॉवेलविना सोफा. तिसऱ्या रांगेत गादीची खुर्ची, चौथ्या रांगेत हातांची प्लास्टिक खुर्ची, पाचव्या रांगेत बिनहातांची. त्यामागे बांबूचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे ‘खेळाडू (उभे)’. कंस माझा नाही, तक्त्यातला आहे.

मला सर्वांत आवडली ती मोजमापांची शिस्त. क्रीडासाहित्याबद्दल एकच ओळ आहे: ‘नियमानुसार घेण्यात यावे.’ पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, महिलांचा 600 चा, हे बैठकीत कुणाला माहीत असण्याचं कारण नाही आणि माहीत करून घेण्याची कुणाला घाईही नाही. सोफ्याचा फोम मात्र 40 डेन्सिटीचाच हवा. 32 चा बसतो, अशी तक्रार एका सदस्यानं स्वानुभवातून मांडली. म्हणजे माणूस बसला की फोमही बसतो आणि उठताना हात द्यावा लागतो, फोटोत ते वाईट दिसतं. सोफ्याची उंची किती असावी यावर दोन मतं पडली. उंच सोफ्यावर बुटक्या पाहुण्यांचे पाय लोंबतात, ठेंगण्या सोफ्यावर उंच पाहुण्यांचे गुडघे छातीला लागतात. शेवटी दोन उंचींचे सोफे घ्यायचे आणि ऐनवेळी पाहुणे बघून मांडायचे, असं एकमतानं ठरलं. उंच उडीची काठी वरखाली करतात हे मला माहीत होतं, पण सोफा वरखाली करून पाहुण्याला सोयीचा करण्याची ही कल्पना आशियाई पातळीवर गेली पाहिजे. टॉवेलचा रंग हाही नाजूक विषय निघाला. भगवा, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाला कुणाचा ना कुणाचा आक्षेप. पांढऱ्याला आक्षेप नाही, पण पांढऱ्यावर केसांच्या कलपाचे डाग पडतात. मग कलप लावणाऱ्या पाहुण्यांना गडद टॉवेल द्यावा, अशी सूचना आली. त्यावर अशा पाहुण्यांची यादी कोण करणार, या मुद्द्यावर बैठकीत पंधरा मिनिटं शांतता होती. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाला माझा नमस्कार. त्यानं ती शांतताही वेळ घालून नोंदवली आहे.

इथवर मी हसत होतो. पुढच्या पानावर सायकलिंग आलं.

ट्रॅक सायकलिंगला व्हेलोड्रोम लागतो, कडेला उतार असलेला लंबगोल ट्रॅक. तो बांधायचा तर खर्च मोठा. गुजरातनं 2022 मध्ये ट्रॅक सायकलिंग दिल्लीला घेतलं. गोव्यानं पुढच्या वर्षी तेच केलं आणि गोल्फही तिकडेच घेतलं. मला त्यात शहाणपण दिसतं. पंधरवड्याच्या स्पर्धेसाठी काँक्रीट ओतून नंतर त्यावर धान्य वाळवण्यापेक्षा, जिथं सोय आहे तिथं खेळ न्यावा. उत्तराखंडानं मग रुद्रपूरला व्हेलोड्रोम बांधला, तेही छान. आमच्या बैठकीनं मात्र दिल्लीचं उदाहरण ऐकलं आणि एका सदस्याला साक्षात्कार झाला. सायकलिंग जर दिल्लीला घेता येतं, तर जलतरण का नाही? आपल्याकडे तलावाला पाणी नाही, असलं तर क्लोरीन नाही. नेमबाजी? तीही तिकडेच, आपली रेंज पोलिसांच्या सरावाला लागते. हॉकीचं टर्फ फाटलंय. नौकानयनाला धरण आहे, पण स्पर्धा मार्च-एप्रिलात आली तर बोट गाळात रुतणार. अशा रीतीनं पाऊण तासात सगळे खेळ एकेक करून परराज्यात गेले. तबेल्याअभावी घोडेस्वारी गेली, गुडघाभर गवतापायी फुटबॉल गेला. मल्लखांब जाताना एक-दोघांना वाईट वाटलं, कारण तो आपलाच, पण लाकूड मिळेना. मग यजमानपद म्हणजे आपल्याकडे उरलं काय? उद्घाटन. समारोप. आणि त्या दोहोंच्या मध्ये सोफा. ‘स्पर्धा इतरत्र झाल्यास मैदान सोफ्यांसाठी पूर्ण क्षमतेने उपलब्ध होईल,’ असं इतिवृत्त समाधानानं म्हणतं.

आणि मैदान कुठलं? तर जिल्हा क्रीडा संकुलाचं. सिंथेटिक ट्रॅकचं.

आता माझा विनोद संपला, सहन करा. हा ट्रॅक म्हणजे 400 मीटरची धाव, आठ लेन, प्रत्येक लेन 1.22 मीटरची, आणि वरचा रबरी थर जेमतेम 13 मिलिमीटरचा. धावपटूच्या बुटाचा खिळा, ज्याला पोरं स्पाइक म्हणतात, तो अशा ट्रॅकवर 9 मिलिमीटरहून लांब नसावा असा नियम आहे. उंच उडी आणि भालाफेकीला 12 ची सूट. पंच बूट उलटा करून खिळे मोजतात. पंचेचाळीस किलोच्या पोरीचे खिळे मोजणारा हा देश सोफ्याचा पाय मोजत नाही. लोखंडी चौकट, खाली बूच नसलेले चार पाय, वर तीन सन्माननीय, त्यांचं वजन अंदाजानं अडीचशे किलो धरा, आणि हे सगळं उन्हानं मऊ झालेल्या रबरावर दुपारी दोन ते रात्री नऊ. कारण पाहुणे उशिरा येतात.

आमच्या इथं मागे एक समारंभ झाला. कुठला ते सांगत नाही, खेळाचा नव्हता एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी मी ट्रॅकवर गेलो होतो. तिसऱ्या लेनमध्ये चार खळगे, अंगठा आरपार बसेल इतके. सरळ धावेच्या सुरुवातीलाच. एक मुलगी 100 मीटर अडथळा शर्यतीचा सराव करत होती. सुरुवातीच्या रेषेपासून पहिला अडथळा 13 मीटरवर असतो आणि तिथवर ती आठ पावलांत पोचते; त्या आठ पावलांसाठी तिची दोन वर्षं गेली आहेत. तिचं पाचवं पाऊल बरोबर खळग्यात पडत होतं. प्रशिक्षक म्हणाले, “पाचव्या लेनमध्ये पळ.” ती म्हणाली, “सर, तिथं टीपॉय होता.”

त्या पोरीला पदक मिळालं, तर ते मोजायला सगळे हजर असतील. गोव्यात महाराष्ट्र पहिला आला, 228 पदकं, त्यात 80 सुवर्ण. 2025 ला उत्तराखंडात 201 पदकं, एकूण संख्येत सर्वांत जास्त, पण सुवर्णं 54, आणि तक्ता सुवर्णांवर लागतो म्हणून दुसरा नंबर. हे आकडे सोफ्यावरून उठून माइकपर्यंत जाताना कुणीतरी कानात सांगतं आणि मग ते भाषणात ‘आम्ही’ जिंकलेले असतात. ज्यांनी जिंकले ते परतीच्या गाडीचं वेटिंग कन्फर्म झालं का बघत असतात. पोल व्हॉल्टवाल्या पोराला कधी विचारा. त्याचा पोल चार-साडेचार मीटरचा, कुठल्याच डब्यात सरळ मावत नाही. टीसी म्हणतो उतरव, पार्सलवाला म्हणतो मोडला तर जबाबदार नाही. काही जण पोल नेतच नाहीत, तिथं जाऊन कुणाचा तरी मागतात आणि आयुष्यातली सर्वांत मोठी उडी परक्या काठीवर मारतात. इतिवृत्तात वाहतुकीची बाब आहे, नाही असं नाही. ‘सोफे बबल रॅपमध्ये गुंडाळून, बंद बॉडीच्या ट्रकमधून, सोबत दोन हमाल.’ खेळाडूंच्या प्रवासाबद्दल लिहिलंय: ‘संबंधितांनी आपल्या स्तरावर.’

एका बाबतीत मात्र मंडळींची दूरदृष्टी मानली पाहिजे. स्पर्धा पुढे गेली तर काय, याचा विचार त्यांनी केला आहे. आणि तो करायलाच हवा. 2007 साठी ठरलेली रांचीची स्पर्धा 2011 च्या फेब्रुवारीत झाली. गोव्याची पाळी 2016 ची, खेळ झाले 2023 ला. केरळ 2015 आणि गुजरात 2022, या दोन स्पर्धांच्या मध्ये साडेसात वर्षं कोरडी गेली. कारणं होती, त्यात करोनाही होता. म्हणून करारात कलम घातलं आहे: स्पर्धा लांबल्यास मंडपवाल्याला सोफे अडकून राहिल्याबद्दल दर दिवसाला भरपाई. सोफ्याचं आयुष्य वाया जाता कामा नये, फोम कडक होतो, कव्हर पिवळं पडतं. केरळात वीस वर्षांचा असलेला धावपटू गुजरातेत सत्तावीस ओलांडून उतरला, त्याचाही गुडघा कडक होतो, पण तो कुणी दरपत्रक मागवून घेतलेला नसतो. त्याला भरपाईचं कलम नाही. त्यानं साडेसात वर्षं पहाटे उठून कशासाठी पळायचं होतं, हे विचारायला त्याच्याकडे करारच नाही.

असो. रागानं काही होत नाही म्हणून मी रीतसर अर्ज केला. मागणी फार छोटी. सोफे मांडा, टॉवेल लावा, हवे तितके काजू ठेवा. फक्त प्रत्येक सोफ्याखाली एकेक जाड प्लायवूडचा तुकडा टाका, म्हणजे वजन पसरेल आणि ट्रॅक वाचेल. सुताराकडे उरलेला तुकडाही चालेल, असंही लिहिलं. अर्ज मंडप उपसमितीकडे गेला. त्यांनी शेरा मारला, प्लायवूड सजावटीत येत नाही. मग तो बांधकामाकडे गेला, त्यांनी मोजमाप पुस्तिका मागितली. तिथून भांडारात, भांडारातून क्रीडासाहित्य उपसमितीकडे. परवा लेखी उत्तर आलं, सहीशिक्क्यासह: सदर प्लायवूड ट्रॅकच्या संरक्षणासाठी असल्याने ते क्रीडासाहित्यात मोडते, आणि क्रीडासाहित्याची खरेदी यजमानपद मिळाल्यानंतरच करता येईल. सोफ्यांची उचल मात्र झालेली असल्याने ते सोमवारपासून मैदानावर ठेवण्यात येत आहेत, खेळाडूंनी सहकार्य करावे.