नेसेसारिओ, व्हाया रबाळे

निकडीची प्रतवारी लावणे हा एक जुना उद्योग आहे. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, ऐरोली आणि घणसोली यांच्या मध्ये वसलेल्या रबाळे येथे हा उद्योग एमआयडीसीच्या कोणत्याही नोंदवहीत दाखल नसूनही जवळजवळ प्रत्येक गाळ्यात चालतो. फाटकावरील पाटीवर 'महत्वाचे' असे लिहिलेले असते, लेखाविभागाच्या फायलीवर 'तातडीचे' असा शेरा असतो, त्याच फायलीवर दुसऱ्या हस्ताक्षरात 'अतितातडीचे' अशी दुरुस्ती असते, आणि जिच्यावर काहीही लिहिलेले नसते ती फाईल त्याच दिवशी निकालात निघते, कारण ती बहुधा साहेबांची असते. अशा वसाहतीतून मेक्सिकोला किंवा स्पेनला यंत्राचे सुटे भाग पाठवण्याची वेळ येते तेव्हा निर्यात विभागातील कर्मचाऱ्यासमोर एक नवे संकट उभे राहते. ज्या भाषेत पत्र धाडायचे त्या स्पॅनिशमध्येही निकड दर्शवणारी विशेषणे डझनाच्या हिशोबाने आहेत, आणि त्यांतले चुकीचे निवडले तर माल वेळेवर पोहोचूनही अर्थ वाटेतच अडकतो.

सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत फसवे विशेषण म्हणजे 'इम्पोर्तान्ते', अर्थात महत्त्वाचे. ते 'इम्पोर्तार' या क्रियापदापासून आले असून त्या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: एक महत्त्व असणे आणि दुसरा परदेशातून माल आणणे, म्हणजे आयात करणे. न्हावा शेवा बंदराशी रोजचा व्यवहार असलेल्या कारकुनाला या दोन अर्थांत विसंगती दिसत नाही, कारण त्याच्या कचेरीत जे आयात केलेले असते तेच महत्त्वाचे मानले जाते. त्याच कुळातील 'इम्पोर्ते' या नामाचा अर्थ बिलाची रक्कम असा होतो, तर 'नो इम्पोर्ता' या दोन शब्दांचा अर्थ 'काही हरकत नाही', किंवा मराठीत खांदे न उडवता म्हणायचे तर 'असू दे'. याशिवाय 'इम्पोर्तान्ते' हे विशेषण 'बरेच मोठे' या अर्थानेही येते. म्हणून गिऱ्हाइकाच्या पत्रात 'देफेक्तो इम्पोर्तान्ते' असे शब्द दिसले तर त्याने दोषाला मान दिला असा समज करून न घेता दोष मोठा आहे असे समजावे आणि बदली माल तयार ठेवावा.

'नेसेसारिओ', म्हणजे आवश्यक, हा शब्द सरळमार्गी आहे. त्याच्या शेजारी राहणारा 'प्रेसिसो' मात्र तसा नाही. 'एस प्रेसिसो' म्हणजे 'आवश्यक आहे', पण 'पिएसा प्रेसिसा' म्हणजे तंतोतंत मापाचा भाग. यंत्रभागांच्या धंद्यात प्रत्येक भाग दोन्ही अर्थांनी तसाच असावा लागत असल्याने हा शब्द रबाळ्यासाठी खास घडवला असावा अशी शंका येते. त्याचे मूळ लॅटिनमधील 'छाटलेला' या अर्थाच्या शब्दात आहे. गंमत अशी की निकडीच्या शिडीवर बऱ्याच वर असलेला 'इम्प्रेसिन्दिब्ले' हा शब्दही छाटण्याच्याच दुसऱ्या एका लॅटिन धातूपासून निघाला असून त्याचा अर्थ 'जे छाटता येत नाही', म्हणजे ज्याच्यावाचून भागत नाही, असा आहे. छाटलेलेही हवेच आणि न छाटता येणारेही हवेच. ज्या भाषेत हे दोन्ही एकाच वाक्यात नांदू शकतात, तिच्यात खर्चकपातीचे परिपत्रक काढणे किती अवघड असेल याची कल्पना करावी.

या विशेषणांमागून येणाऱ्या क्रियापदाचे रूप बदलते, आणि शिकाऊ मंडळी घाम पुसू लागतात ती येथेच. 'तो येतो' यासाठी स्पॅनिशमध्ये 'व्येने' हे रूप वापरतात. परंतु 'त्याने येणे आवश्यक आहे' असे सांगताना 'एस नेसेसारिओ के वेन्गा' असे म्हणावे लागते, कारण येणे अजून घडलेले नसून ते बोलणाऱ्याच्या इच्छेत किंवा अपेक्षेत आहे. या रूपाला त्या भाषेच्या व्याकरणात 'सुबहुन्तिवो' म्हणतात. याउलट 'खरे आहे की' या अर्थाच्या 'एस सिएर्तो के' नंतर साधे 'व्येने' येते, कारण तेथे इच्छेचा नव्हे तर वस्तुस्थितीचा प्रश्न असतो. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्याला हे रूप दुष्टपणाचे वाटते. मराठी माणसाला वाटू नये, कारण 'तो येतो' आणि 'त्याने यावे' यांतील अंतर तो शाळेत जाण्यापूर्वीच शिकलेला असतो. 'पाळी बदलताना प्रत्येकाने वेळेवर यावे' या सूचनेतील 'यावे' हे रूपच सांगते की कोणीतरी अद्याप आलेले नाही.

मराठीची स्वतःची शिडीही काही कमी उंच नाही. 'गरज' आणि 'जरूर' हे अरबीतून, 'आवश्यक' आणि 'अनिवार्य' हे संस्कृतातून आले, आणि 'पाहिजे' हे घरचेच, म्हणजे 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप असून त्याचा मूळ अर्थ 'पाहिले जाते' असा आहे. त्यामुळे 'साहेबांना अहवाल पाहिजे' या वाक्याचा व्युत्पत्तीनुसार अर्थ लावला तर अहवाल पाहिला जातो असा निष्कर्ष निघतो, आणि व्युत्पत्तिशास्त्र व्यवहारापासून किती दूर गेले आहे हे अहवाल लिहिणाऱ्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

कोणते विशेषण कोठे लावावे याची एक कसोटी 'इम्प्रेसिन्दिब्ले' या शब्दातच दडलेली आहे: ती वस्तू काढून टाकावी आणि काय होते ते पाहावे. ही कसोटी फाटकावरील पाटीला लावून पाहता येते. 'महत्' या शब्दाला 'त्व' हा प्रत्यय लागून 'महत्त्व' होते, म्हणजे त्यात दोन त असणे व्याकरणदृष्ट्या नेसेसारिओ आहे. पण पाटी रंगवणारा त्यातला एक काढून टाकतो आणि तरीही कामगार हेल्मेट घालून आत जातात, म्हणजे दुसरा त इम्प्रेसिन्दिब्ले नाही. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांना हा युक्तिवाद पटणार नाही, आणि पटूही नये.

सरकारांनाही ही कसोटी अधूनमधून लावावी लागते, आणि तेथे शब्दांना दंडाची जोड असते. भारतात १९५५ सालचा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा कोणती वस्तू जगण्यासाठी लागते हे ठरवतो. कोरोनाच्या साथीत १३ मार्च २०२० रोजी मास्क आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रावण यांना त्या यादीत ३० जून २०२० पर्यंत स्थान मिळाले, म्हणजे आवश्यकतेलाही औषधाच्या बाटलीप्रमाणे मुदत छापली गेली. कांद्याबटाट्याचे याच्या उलट झाले: २०२० च्या दुरुस्तीने युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ अशा प्रसंगांपुरतेच त्यांच्या पुरवठ्यावर नियंत्रण ठेवता येईल असे ठरले, आणि २०२१ मध्ये शेतीविषयक कायद्यांबरोबर ती दुरुस्तीही रद्द झाली. या सबंध काळात कांद्याने आपल्या वागणुकीत तसूभरही बदल केला नाही आणि चिरणाऱ्याला पूर्वीप्रमाणेच रडवले.

माणसांची प्रतवारी त्याहून नाजूक ठरली. मुंबईची उपनगरी रेल्वे १५ जून २०२० रोजी पुन्हा धावू लागली ती केवळ 'अत्यावश्यक सेवे'तील कर्मचाऱ्यांसाठी. जन्मभर आवश्यक म्हणून राबलेल्यांना आपल्यामागे 'अति' हा उपसर्ग नसल्याचे तेव्हा प्रथमच कळले. स्पेनमध्ये त्याच वर्षी २९ मार्चच्या वटहुकुमाने 'एसेन्सिआल', म्हणजे अत्यावश्यक, नसलेल्या कामगारांना ३० मार्च ते ९ एप्रिल अशी भरपगारी रजा देण्यात आली, मात्र ते तास पुढे भरून द्यायचे होते. येथे 'एसेन्सिआल' हाच शब्द का, याचे कारण तेथील १९७८ च्या राज्यघटनेत सापडते: संपाचा हक्क देणाऱ्या अठ्ठाविसाव्या कलमातच समाजाच्या 'एसेन्सिआल' सेवा चालू ठेवण्याची तजवीज आहे. महाराष्ट्रात हेच काम 'मेस्मा', म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचा कायदा, करतो. दोन्हीकडे एक चमत्कार सारखाच दिसतो, तो असा की एखाद्याचे काम अत्यावश्यक असल्याचा शोध तो संपावर निघाल्यावर लागतो, आणि पगारवाढ मागताना तोच शोध पुन्हा हरवतो.

'उर्हेन्ते', म्हणजे तातडीचे, या विशेषणाबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'दाबणे, रेटणे' असा असून सकाळी ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीतून रबाळे स्थानकावर उतरणाऱ्याला तो पाठीवरच समजतो.

शेवटी उरतो 'पगार'. हा मराठी शब्द पोर्तुगीजांनी आणला. मूळ क्रियापद 'पगार', म्हणजे पैसे देणे, हे स्पॅनिशमध्येही जसेच्या तसे आहे. वडापावातला 'पाव' पोर्तुगीजच, आणि त्याच्या पोटातल्या भाजीचा 'बटाटा'ही त्याच गलबतांतून उतरलेला, मात्र स्पॅनिशमध्ये 'बताता' म्हटल्यास रताळे पुढ्यात येते, बटाटा हवा असल्यास स्पेनमध्ये 'पताता' आणि मेक्सिकोत 'पापा' मागावा लागतो. त्यामुळे पाळी सुटल्यावर रबाळे स्थानकाबाहेर वडापावाच्या गाडीपुढे उभा असलेला कामगार इबेरियातून आलेले तीन शब्द बाळगून असतो, आणि त्यांच्यामागे नेसेसारिओ लावावे की इम्प्रेसिन्दिब्ले हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याला पडतो तो एवढाच, की सात तारीख उलटून गेली तरी पहिला शब्द खात्यात का जमा झाला नाही.