गोल्ड लावून द्या!

सिल्लोडच्या आसपास कुठेही पत्र्याची उंच शेड, फाटकाशी वजनकाटा आणि बाहेर कापसाच्या पिकअपची रांग दिसली, की आत काचेच्या केबिनमध्ये भाऊशेठ बसलेले आहेत असं खुशाल समजावं. भाऊशेठ काही एकच नाहीत. कोणाचं जिनिंग, कोणाची आडत, कोणाचं खत-बियाण्याचं दुकान. गल्ला वेगळा, पण कॉम्प्युटर घेण्याची रीत सगळ्यांची एक.

कापसातलं त्यांना कळतं, यात वाद नाही. गाडीचा वरचा थर ते बघतही नाहीत. कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढतात, चिमटीत धरून धागा ओढतात, सरकी दाताखाली फोडतात आणि सांगतात, "चौदा आहे ओल." सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, १२ टक्क्यांपर्यंतच घेते. मग मशीन लावलं तरी आकडा चौदाच्याच आगेमागे येतो.

हाच माणूस लाखाची सिस्टिम मात्र वरचा थर बघून घेतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल निघाला. भाऊशेठांनी तीन प्रश्न काढले. घरात पहिला : "जालन्याच्या व्याह्यांनी कोणतं घेतलं?" सीएंना दुसरा : "साहेब, रिटर्न तर भरलं जाईल ना?" आणि विक्रेत्याला तिसरा : "मोबाइलवर दिसतं का?" विक्रेत्याने मोबाइलवर रंगीत चकत्या दाखवल्या. कोणत्या रंगात काय आहे ते कोणी विचारलं नाही. चहा मागवला गेला, म्हणजे सौदा झाला.

राहिला लायसन्सचा सवाल. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं सिल्व्हर एका कॉम्प्युटरपुरतं, गोल्ड अनेकांसाठी. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. "तुम्हाला सिल्व्हर पुरेल," असं विक्रेता स्वतः म्हणाला. भाऊशेठांचा चेहरा पडला. "समोरच्या जिनवाल्याकडे काय आहे?" "सिल्व्हर." "मग आपल्याला गोल्ड लावून द्या!"

या सगळ्या सोहळ्यात हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींना कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी एवढंच सांगितलं असतं की काट्याचा कॉम्प्युटर वेगळा, टॅलीचा वेगळा, आणि दोघांचं बोलणं नाही. त्यामुळे एकच वजन काट्याच्या पावतीवर उमटतं, मग वहीत चढतं, मग टॅलीत. पुढे पुण्याच्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून ईआरपी नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर आलं आणि तेच वजन चौथ्यांदा लिहिलं जाऊ लागलं. भाऊशेठ मात्र खूश. "आता सगळं ऑनलाइन आहे."

ऑनलाइन आहेच. ई-वे बिलाचा पासवर्ड सीएंकडच्या पोराच्या डायरीत असतो, पोरगा कन्नडला लग्नात असतो आणि कोइम्बतूरला निघालेला गठाणींचा ट्रक फाटकात उभा असतो. विंडोज सेव्हनला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला रजा दिली. इथे ते अजून कामावर आहे. बॅकअपचा पेन ड्राइव्ह तिजोरीत. लक्ष्मीपूजनाला तो वहीशेजारी मांडतात, कुंकू लावतात आणि परत आत ठेवतात. त्यात काय आहे, ते उघडून पाहण्याचं पाप कोणी केलेलं नाही.

नवी सिस्टिम चालू करायची तीही दिवाळी पाडव्यालाच. मुहूर्त उत्तम, फक्त तेव्हा कापसाची आवक ऐन भरात असते. याला गावंढळपणा म्हणून कोणी हसू नये. अमेरिकेतल्या हर्शी या नामांकित चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये असाच मुहूर्त गाठला होता. हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर नवी सिस्टिम चालू केली आणि गोदामात माल असून दुकानांत पोचेना. कोट घातलेल्या भाऊशेठांना व्याही नसतात, सल्लागार असतात, एवढाच फरक.

मग कापसात इतका चोख माणूस इथे का फसतो? कारण सोपं आहे. ओला कापूस घेतला, तर संध्याकाळपर्यंत नुकसान भाऊशेठांच्या खिशाला कळतं. चुकीची सिस्टिम घेतली, तर रात्री दिवाणजींच्या जातात, आणि दिवाणजींच्या रात्रींचा हिशेब कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. स्वतः भाऊशेठ त्या कॉम्प्युटरसमोर बसतात ते फक्त फोटोपुरते.

तेव्हा भाऊशेठ, एक विनंती. पुढचा विक्रेता आला की चहा थोडा उशिरा मागवा. कॉम्प्युटरसमोर दिवाणजींना बसवा, आपल्याच काट्याच्या कालच्या पावत्या द्या आणि म्हणा, "चढवून दाखवा." मागच्या वर्षीचा बॅकअप तुमच्यादेखत उघडायला लावा. तळात हात घालायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. आणि मुहूर्त जूनमधला काढा. जिन तेव्हा बंद असतं.